आधी हक्क, मग श्रमदान

महाराष्ट्रात ग्रामसभेचे दिवस ठरून गेलेले आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. झेंडावंदन आटोपते, मुले खाऊ घेऊन घरी जातात आणि समाजमंदिरात सतरंजी पडते. ग्रामसेवक हजेरीचे रजिस्टर उघडतो. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे आली की गणपूर्ती होते, असे कायदा सांगतो. कित्येक गावांत तेवढीही माणसे जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढच्या वेळी सरपंच, चार सदस्य आणि घरकुलाच्या यादीत आपले नाव लागले का हे पाहायला आलेली पाचपंचवीस माणसे, एवढ्यांसमोर वर्षाचा आराखडा वाचला जातो. सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात चढतात, ठराव सर्वानुमते मंजूर होतो. त्या वेळी गावातली मजूर बाई कुणाच्या तरी रानात कांदा काढत असते. दिवसाची मजुरी बुडवून तिने या सभेला का यावे? आपण गेलो काय आणि न गेलो काय, यादी आधीच ठरलेली आहे, हे ती अनुभवाने शिकली आहे.

ग्रामविकासाच्या योजनांच्या प्रत्येक शासन निर्णयात गावकऱ्यांच्या सहभागाचे कलम असते. त्या कलमाखाली गावाकडून श्रमदान मागितले जाते, लोकवर्गणी मागितली जाते, टाकीसाठी जागा मागितली जाते आणि काम संपल्यावर देखभालीची जबाबदारी गावाच्या गळ्यात घातली जाते. कोणते काम आधी करायचे, पैसा कशावर खर्चायचा, ठेकेदार कोण आणि हिशेब कुणापुढे मांडायचा, हे मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ठरते. गावाने राबायचे आणि इतरांनी ठरवायचे, अशी ही वाटणी आहे. या वाटणीने रस्ते झाले, सभामंडप झाले, कमानीही झाल्या. गरिबी हटली ती ज्या थोड्या गावांनी ही वाटणी उलटी केली, तिथे. महाराष्ट्राला ही उदाहरणे ठाऊक आहेत. त्यांचे सत्कार झाले, त्यांच्याकडे सहली गेल्या. त्यांतून जो धडा घ्यायचा होता, तो तेवढा राहून गेला.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा हे शंभरेक घरांचे गोंड आदिवासी गाव. शेजारच्या लेखा गावाशी नाव जोडून आपण त्याला मेंढा-लेखा म्हणतो. १९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आदिवासींचे मोठे आंदोलन झाले. त्यातून या गावाला आपल्या एकजुटीचे बळ कळले. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे साथी यांनी मिळून एक पद्धत बसवली. गावाचा निर्णय बहुमताने होणार नाही, सर्वसहमतीने होईल. एकाचेही मन वळले नसेल तर विषय पुढे ढकलायचा. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास करायचा. अभ्यासगटात कुणीही बसावे, बाहेरच्या जाणकारानेही बसावे, शंका विचारावी, कायदा वाचावा. पण तिथे ठराव होत नाही. ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचाच. गावात मिळालेल्या कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात जमा करायचा, हेही गावानेच ठरवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने दिली, आणि ती कागदपत्रांनिशी खरी करून दाखवली.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ साली मेंढ्याला अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. या कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज आहे, आणि गौण वनोपजावर मालकी गावाची. पण १९२७ च्या वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होती आणि वनखाते त्याच व्याख्येवर अडून बसले. जंगलातला माल बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. त्यावर माल कोणता, किती, कुठून कुठे आणि कोणत्या गाडीने चालला आहे हे लिहिलेले असते. तो नसेल तर नाक्यावर गाडी अडते आणि माल चोरीचा ठरतो. बांबू गावाचा, परवाना खात्याचा. म्हणजे हक्क कागदावर आणि बांबू जागेवर. २०११ च्या सुरुवातीला गावाने जाहीरपणे बांबू विकायला काढला. बाहेरून आलेल्या लोकांनी तो विकत घेतला आणि परवाना मागितला. तो मिळाला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१२ साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती होऊन हे परवाने देण्याचा अधिकार देशभर ग्रामसभेच्या समितीकडे आला.

गावात जो बदल झाला तो त्या परवाना-पुस्तकामुळे. त्याआधी इथल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला नाममात्र दराने दिला जात होता आणि गावकरी आपल्याच जंगलात तोडणीचे मजूर होते. परवाना हाती आल्यावर यंदा कोणत्या भागात तोड करायची, किती कोंब राखायचे, तोडणीची मजुरी किती द्यायची, निविदा कुणाची स्वीकारायची, हे सगळे ग्रामसभा ठरवू लागली. मजुरी गावातल्या गावात मिळू लागली आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. पुढे २०१३ मध्ये याच गावाने ग्रामदानाचा निर्णय घेऊन शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे देण्याचे ठरवले, म्हणजे अडचणीत सापडलेल्या कुटुंबाची जमीन सावकाराच्या किंवा बाहेरच्या धनिकाच्या घशात जाऊ नये. यातले एकही पाऊल वरून आलेल्या योजनेत नव्हते.

आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे मान्य झालेले आहेत. या हक्कात तेंदूपत्ताही येतो. मे महिन्यात त्याचा हंगाम जेमतेम दोनतीन आठवड्यांचा. पहाटे रानात जायचे, दुपारपर्यंत पाने आणायची, घरातल्या लहानथोरांनी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. जिथे ग्रामसभांनी स्वतः लिलाव केले तिथे मजुरीबरोबर पानांची किंमतही गावाला मिळाली. अडचणीही आल्या. बाजार पडला तेव्हा काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. करार कसा करायचा, अनामत किती घ्यायची, वसुली कशी करायची, हे गावांना ठेच खाऊन शिकावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर तेंदूची पाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, त्यापेक्षा बांबूवर भर द्यावा, हा त्यांचा विचार. हातातोंडाची गाठ असलेल्या गावाने हंगामाचे हमखास उत्पन्न सोडून जंगल राखावे, हा निर्णय त्या गावाशिवाय दुसरे कुणी घेऊच शकले नसते. खात्याने तो लादला असता तर तो अन्याय ठरला असता.

जंगल नसलेल्या दुष्काळी मुलखातही हेच दिसते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची ख्याती सर्वदूर आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव उजाड होते, तरुण पुण्या-मुंबईकडे निघून गेले होते. पुढे आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामे झाली. १९९५ साली गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, ती १९९८ च्या पाहणीत ५३ वर आली आणि पुढे हा आकडा दोनचारवर घसरला. पाहायला येणारे बंधारे आणि समतल चर पाहून जातात. तसे बंधारे राज्यात हजारोंनी बांधले गेले. बहुतेक गाळाने भरले आणि टँकर चालूच राहिले. हिवरे बाजारने बंधाऱ्यांबरोबर पाण्याचे नियम केले. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, कुऱ्हाड आणि मोकाट चराई बंद. पावसाळा संपला की गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यात रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर गहू कमी. हे नियम ग्रामसभेने केले आणि ग्रामसभेनेच पाळून घेतले. बंधारा सरकारला बांधता येतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला ऊस लावू नको असे सांगण्याचा नैतिक अधिकार फक्त त्याच्या गावाला असतो.

मात्र इथे एक प्रश्न धीटपणे विचारायला हवा. गावाने मिळून पाणी अडवले तर ते पाणी कुणाचे? जमीन ज्याची, विहीर त्याची. विहीर ज्याची, पाणी त्याचे, हा रूढ व्यवहार. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झालेली, गावांनी श्रमदानाने पाणलोटाची कामे करण्याची वॉटर कप स्पर्धा पुढे पंचाहत्तरच्या आसपास तालुक्यांत पोहोचली. हजारो माणसांनी उन्हात टिकाव-फावडे हाती घेतले, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असेच आहे. त्या माणसांत भूमिहीन मजूरही होते. त्यांनी खोदलेल्या चरांनी बागायतदाराच्या विहिरीची पातळी वाढली. त्यांच्या वाट्याला काय आले? फार तर वर्षाला मजुरीचे थोडे अधिक दिवस. तेही कमी नाही, पण तो हिस्सा नव्हे, ती कृपा झाली.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच पन्नास वर्षांपूर्वी दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळाने हेलावलेले पुण्यातले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचे नियम पाहा. पाणी एकट्याला नाही, गटालाच मिळेल. ते जमिनीच्या प्रमाणात न मिळता घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी उचलायचा. यातली वर्गणी आपल्या योजनांनी तत्परतेने उचलली. भूमिहीनाला हिस्सा देणारे कलम मात्र एकाही मोठ्या योजनेने उचलले नाही. पाणी पंचायतीचा गाभा नेमका त्या कलमात होता. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करणाऱ्या राज्याने त्यांचे हे एक कलम जरी कायद्यात घेतले असते, तरी गावोगावच्या मजुराच्या घरात फरक पडला असता.

गावाच्या हाती सत्ता दिली की ती गावातल्या दांडग्यांच्या हाती जाते, हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्याचे जे कठोर वर्णन केले, ते वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या अनुभवातून आले होते. खेड्याच्या भलेपणाची गोड कल्पना त्यांना मान्य नव्हती, आणि ती मान्य करण्याचे कारण आजही नाही. पाणवठ्यावरून, स्मशानावरून, गायरानावरून अजूनही गावे दुभंगतात. पण म्हणून सत्ता तालुक्याच्या कचेरीत ठेवल्याने दलित वस्तीला न्याय मिळाला, असेही घडलेले नाही. कचेरीतला कागद हलवण्याची ताकदही गावातल्या दांडग्याकडेच असते. उपाय आहे तो ग्रामसभेच्या कामाच्या रीतीत. सर्वसहमतीच्या पद्धतीत शेवटच्या घराला नकाराचा अधिकार मिळतो. बहुमतात तो कधीच मिळत नाही. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती खरोखर झाली, तर दारूचे दुकान, रेशन आणि पिण्याचे पाणी हे विषय सभामंडपाच्या आधी येतात. हिशेबाचा फलक वस्तीवस्तीत लागला तर लपवायला जागा राहत नाही. दांडगाई रोखायची असेल तर ग्रामसभा अधिक भरलेली, अधिक लहान आणि अधिक उघडी हवी. तिला कमजोर ठेवणे हे दांडग्यांच्याच सोयीचे आहे.

आता पैशाकडे पाहू. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींकडे पाठवला आणि राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे होऊ लागले. दिशा बरोबर होती. पंधराव्या आयोगात २०२१ पासून यातला साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधला गेला. पाणी-स्वच्छता महत्त्वाची आहे, यात वाद नाही. पण ज्या गावाची नळयोजना चालू आहे आणि जिथली मुले रस्ता नसल्याने पावसाळ्यात शाळेत जात नाहीत, त्या गावाने काय करायचे? अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पंचायतींचा विशेष ‘पेसा’ कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला. तो चांगला पायंडा आहे. तो अनुसूचित क्षेत्रापुरताच राहिला. दुसरीकडे, २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. विकेंद्रीकरणाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात ग्रामीण लोकशाहीचे दोन मजले एवढा काळ रिकामे राहिले आणि त्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक खर्चाचे नाही. तहकूब झालेल्या सभेत गावाचा वार्षिक आराखडा आणि लाभार्थ्यांची यादी मंजूर करायला कायद्याने मनाई करावी. या दोन विषयांना पूर्ण गणपूर्ती हवीच. ग्रामसभा मजुरांना येता येईल अशा वेळी, संध्याकाळी घ्यावी. पेसा क्षेत्रात वाडी-पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. हीच सोय उरलेल्या महाराष्ट्रातल्या गट ग्रामपंचायतींच्या वाड्यांनाही द्यावी, म्हणजे चार मैल चालून दुसऱ्या गावच्या सभेत गप्प बसण्याची पाळी धनगरवाड्यावर येणार नाही. सार्वजनिक पैशाने किंवा श्रमदानाने झालेल्या प्रत्येक पाणलोट कामात भूमिहीन कुटुंबांचा हिस्सा आधी लेखी ठरवावा: पाण्यात, तलावातल्या मासेमारीत, गायरानातल्या चाऱ्यात, जे असेल त्यात. अबंध निधीचे प्रमाण वाढवावे. आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना लिलाव, करार आणि वसुली यांसाठी कायदेशीर व तांत्रिक मदत द्यावी. ती मागितल्यावर मिळावी, तिच्या आडून खात्याचा हात पुन्हा परवाना-पुस्तकापर्यंत जाऊ नये.

गरिबांना शहाणपण नसते, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवावे, ही समजूत आपल्या साऱ्या व्यवस्थेत मुरलेली आहे. आपल्या पोटावर परिणाम करणारा निर्णय नीट विचार करून घेण्याची जेवढी गरज गरिबाला असते, तेवढी कुणालाच नसते. मेंढ्याने जंगल राखले, पाचगावने तेंदू सोडला, हिवरे बाजारने ऊस नाकारला, नायगावने भूमिहीनाला पाणी दिले. या चारही निर्णयांत गावाने उद्याचा विचार केला आणि दुबळ्याला किंवा जंगलाला सांभाळून घेतले. निर्णय हाती आला म्हणून हे घडले.

या लेखाचा वाचक गावात राहत असेल तर त्याला एवढेच सांगणे आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. एकटे जाऊ नका, वस्तीतली चार घरे बरोबर घ्या, त्यात मजुरीला जाणाऱ्या बायका असू द्या. गणपूर्ती मोजायला लावा. आराखडा वाचून दाखवायला सांगा, गेल्या वर्षीचा खर्च विचारा, इतिवृत्त लिहून झाल्यावरच सही करा. ग्रामसभेत हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला कायद्याने दिलेला आहे आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही.